क्रीससच्या यादीतली देवस्थानं: ओरोपोसपासून अखेरॉनपर्यंत

इराणच्या सायरसशी लढावं की नाही, हे लिडियाचा (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या राज्याचा) राजा क्रीसस याला इ.स.पू. सहाव्या शतकात ठरवायचं होतं. देवाला विचारायचं तर कोणत्या देवाला, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न. म्हणून त्याने सात ठिकाणी दूत पाठवले: डेल्फी, आबाई, डोडोना, अँफिअराओस आणि ट्रोफोनिओस या वीरांची ठाणी, मिलेटसजवळचं ब्रांखिदाई आणि तेव्हाच्या लिबियातलं, आज इजिप्तमध्ये येणारं अमोन. राजधानी सार्डिसहून निघाल्यापासून शंभराव्या दिवशी सगळ्यांनी एकच विचारायचं: आमचा राजा आत्ता काय करतो आहे? त्या दिवशी क्रीससने कासव आणि कोकरू कापून काशाच्या हंड्यात एकत्र शिजवलं, वर काशाचंच झाकण ठेवलं. डेल्फीच्या पिथियाने, म्हणजे अपोलो देवाच्या वतीने उत्तर देणाऱ्या पुजारिणीने, ते अचूक ओळखलं, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो.

माझी मावशी सावंतवाडीकडे शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, ‘ती यादी एकदा पायाखालून घालायची.’ ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी निघालो. सातांपैकी पाच ठिकाणं आजच्या ग्रीसमध्ये येतात. आबाई वेळेअभावी सोडलं आणि त्याऐवजी यादीत नसलेलं एक ठिकाण जोडलं.

दिवस पहिला: अथेन्स आणि ओरोपोस

सकाळी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. सोन्याच्या मुखवट्यांपाशी शाळेच्या सहली थांबल्या होत्या, मावशी मात्र विचारत विचारत थेट आर्खिनोसच्या शिल्पपटापाशी गेली. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचं हे संगमरवरी काम. आर्खिनोस नावाचा माणूस खाटेवर झोपला आहे आणि साप त्याच्या खांद्याला तोंड लावतो आहे. शेजारी तोच आर्खिनोस उभा आहे आणि अँफिअराओस स्वतः त्याच्या खांद्यावर उपचार करतो आहे. झोपेत दिसलं ते आणि प्रत्यक्षात घडलं ते, दोन्ही एकाच चौकटीत. वर दगडात दोन डोळे कोरले आहेत. मावशी बराच वेळ तिथून हलेना.

दुपारी गाडीने कालामोस गावाजवळच्या अँफिअराओसच्या देवस्थानी पोचलो. अथेन्सहून तासाभराचाच रस्ता, पण येणारे फार थोडे. पाइनच्या झाडीतली घळ, तळाशी ओढा, हवेत राळेचा वास. अँफिअराओस हा आर्गोसचा द्रष्टा. थीब्जवरची मोहीम फसणार हे त्याला ठाऊक होतं, तरी जावं लागलं, आणि पळताना झ्यूसने वीज टाकून दुभंगलेल्या जमिनीने त्याला रथासकट पोटात घेतलं. क्रीससच्या काळी त्याचं स्थान थीब्जजवळ असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ओरोपोसचं हे देवस्थान इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलं.

इथे देव स्वप्नात उत्तर देई. मेंढा बळी द्यायचा, त्याचं कातडं अंथरायचं आणि त्यावर झोपायचं. या देवस्थानाचे नियम कोरलेला शिलालेख सापडला आहे, आणि मला तो कोणत्याही पुराणकथेपेक्षा जवळचा वाटतो. पुजाऱ्याने हिवाळा संपल्यापासून नांगरणीपर्यंत सलग तीन दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहायचं नाही आणि महिन्यातून किमान दहा दिवस हजर असायचं. झोपायला आलेल्यांची नावं फळीवर लिहायची, म्हणजे कुणालाही वाचता येतील. पुरुषांनी वेदीच्या पूर्वेला झोपायचं, बायकांनी पश्चिमेला. लांबच लांब ओसरीचे पाये अजून दिसतात, बाकांचे दगडी पायही. दैवी स्वप्नासाठी इतकी चोख व्यवस्था लागत होती, हे तिथे उभं राहून कळतं.

पलीकडे छोटं नाट्यगृह आहे, त्यात संगमरवराची पाच आसनं. आम्ही शिदोरी तिथल्या झाडाखाली सोडली. सोबत खायला घेऊनच जा, आसपास काही मिळत नाही. डासांसाठी मलमही असू द्या.

दिवस दुसरा: लिवाडिया

डेल्फीच्या वाटेवरचं हे गाव बहुतेक बस नुसतं ओलांडून जातात. इथे थांबाच. गावाच्या वरच्या अंगाला क्रिया नावाची जागा आहे. कड्यातून एर्किना नदीचे झरे फुटतात, जुना दगडी पूल, पाणचक्की, चिनारांची दाट सावली. वर डोंगरावर मध्ययुगीन किल्ला. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही.

इथे ट्रोफोनिओस होता, आणि त्याला विचारणं हे सगळ्यांत भयंकर काम. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसानियस स्वतः खाली उतरला होता, त्यामुळे त्याचं वर्णन ऐकीव नाही. आधी काही दिवस ठरावीक घरात राहायचं, गरम पाण्याने अंघोळ नाही, फक्त एर्किनाचं पाणी. ठरलेल्या रात्री तेरा वर्षांच्या आसपासची दोन मुलं नदीवर नेऊन न्हाऊ घालत. मग दोन झऱ्यांचं पाणी प्यायचं. एक विस्मृतीचं, म्हणजे आजवरचं सगळं डोक्यातून जावं. दुसरं स्मृतीचं, म्हणजे आत दिसेल ते लक्षात राहावं. लिननचा झगा घालून शिडीने भट्टीच्या आकाराच्या विवरात उतरायचं, हातात मधाच्या पोळ्या घेऊन आडवं व्हायचं, आणि तळाशी असलेल्या भोकात पाय घालायचे. पाय आत गेले की नदीच्या भोवऱ्याने ओढावं तसा माणूस आत खेचला जाई. बाहेर येतानाही पाय आधी. मग पुजारी त्याला स्मृतीच्या आसनावर बसवून काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारत. तोवर तो भीतीने इतका गारठलेला असे की नातेवाईक त्याला उचलून नेत. हसू नंतर परत येतं, अशी ग्वाही पॉसानियस देतो. चेहरा सुतकी असलेल्या माणसाला ‘हा ट्रोफोनिओसकडे जाऊन आला वाटतं’ असं ग्रीक लोक म्हणत.

ते विवर नेमकं कुठे, यावर एकमत नाही. झऱ्याजवळच्या कड्यात मात्र नवसाच्या वस्तूंसाठी कोरलेले कोनाडे रांगेने दिसतात. मावशीने ओंजळभर पाणी प्यायलं. मी विचारलं, ‘मावशी, हा कुठला झरा, विसरायचा की आठवायचा?’ ती म्हणाली, ‘अगं, या वयात दोन्ही चालतील.’

लिवाडियाचं सुवलाकी साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेलं आहे. काठीवर भाजलेलं डुकराचं मांस, वर लिंबू आणि ओरेगानो, सोबत पाव. कोळशावर बसलेल्या आजोबांनी मावशी मांस खात नाही हे कळल्यावर स्वतःसाठी आणलेली, पालकाचं सारण भरून भाजलेली पाय (pie) अर्धी कापून तिच्यापुढे ठेवली, आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: नीस्तीसिमो, म्हणजे उपवासाच्या दिवसांत चालणारं. चर्चच्या उपवासांमुळे हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, मात्र कोळंबी किंवा माकूळ असू शकतं, तेवढं विचारून घ्या.

संध्याकाळी आराखोवात थांबून तिथलं फोर्माएला चीज खाल्लं. तव्यावर भाजून, लिंबू पिळून देतात. रात्री डेल्फी.

दिवस तिसरा: डेल्फी

दार उघडायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा. दहानंतर अथेन्सच्या बस येतात आणि पवित्र मार्गावर पाय ठेवायला जागा राहत नाही. आम्हाला पहिला तास जवळजवळ एकटीने मिळाला. फैद्रियादेस कडे धुक्यात होते, खाली दरीत ऑलिव्हची राई थेट समुद्रापर्यंत पसरलेली. १८९२ साली फ्रेंचांनी उत्खनन सुरू केलं तेव्हा या उतारावर कास्त्री नावाचं गाव होतं. ते अख्खं उचलून पलीकडे वसवलं. आजचं डेल्फी गाव म्हणजे तेच.

देवळाच्या उरलेल्या खांबांपाशी मावशी कठड्यावर बसली आणि आपण इथे काय विचारलं असतं ते मनात जुळवू लागली. मी फिरत राहिले. सगळ्यांना ठाऊक असलेलं डेल्फी राजांचं आहे. क्रीससला जाब मिळाला की इराणवर चालून गेलास तर एक मोठं राज्य नष्ट होईल. तो गेला, आणि नष्ट झालं ते त्याचंच. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्य चालून येत असताना अथेन्सकरांना लाकडी भिंतीचा आसरा घ्या असं उत्तर आलं. त्यांचा नेता थेमिस्टोक्लिस याने भिंत म्हणजे जहाजं असा अर्थ लावला आणि सॅलॅमिसची लढाई जिंकली. असे दुहेरी अर्थाचे जाब ग्रंथांतून आले आहेत. शिलालेखांत टिकलेले जाब बहुतेक साधे, सरळ आहेत: कोणत्या देवाला बळी द्यावा, अमुक करावं की न करावं.

त्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. इ.स.पू. ३५२ च्या सुमारास एलेउसिसजवळची देवींची जमीन कसायला द्यावी की पडीक ठेवावी, यावर अथेन्समध्ये वाद होता. दोन्ही पर्याय कथलाच्या दोन सारख्या पत्र्यांवर लिहिले, गुंडाळून लोकरीत बांधले, एका भांड्यात हलवून त्यातला पहिला निघालेला सोन्याच्या घड्यात आणि दुसरा चांदीच्या घड्यात ठेवला. घडे मोहोरबंद केले. डेल्फीला गेलेल्या दूतांनाही कोणत्या घड्यात काय आहे ते माहीत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारायचं, सोन्याचा की चांदीचा? जमीन पडीक ठेवावी असं निघालं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, ‘हा तर कौल!’ आमच्या आजोळी देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणं घालतो आणि उजवी पडते की डावी ते सगळं घर श्वास रोखून पाहतं. पुजाऱ्याच्या हातात उत्तर वळवण्याची सोय राहू नये, ही काळजी अथेन्सकरांनी दोन घड्यांनी घेतली होती.

पिथिया कोण होती, हे ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, आणि तो इथे स्वतः पुजारी होता. त्याच्या काळातली पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरची, सरळ वळणाची, कोणतीही विद्या न शिकलेली बाई. पूर्वी गर्दी असताना दोघी आळीपाळीने बसत आणि तिसरी राखीव असे. महिन्यातून एकच दिवस, तोही हिवाळ्याचे तीन महिने सोडून, कारण तेव्हा अपोलो इथे नसे आणि देवस्थान डायोनिससचं होई. आधी बकरीवर थंड पाणी शिंपडायचं. ती अंगभर थरथरली तरच विचारायचं. एकदा परदेशी दूतांना खूश करण्यासाठी बकरीला थरथरेपर्यंत भिजवलं आणि पिथियाला तिच्या मनाविरुद्ध आत नेलं. तिचा आवाज घोगरा झाला, ती किंचाळत दाराकडे धावली, कोसळली, आणि थोड्याच दिवसांत गेली. प्लुटार्कने ही हकिगत टाळली नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. तिपाईवर बसणारी ती बाई राजकारणाचा सगळा भार स्वतःच्या शरीरावर घेत होती.

पिथिया जमिनीतून येणाऱ्या वायूने गुंगून बोलत असे म्हणतात, त्या वायूचं काय, हे सगळेच विचारतात. आतल्या खोलीत कधी कधी सुगंध येई, असं प्लुटार्क लिहितो. भूशास्त्रज्ञ येले द बूर आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हेल यांच्या चमूने २००१ साली देवळाखाली दोन प्रस्तरभंग (जमिनीतल्या भेगा) एकमेकांना छेदतात आणि झऱ्याच्या पाण्यात इथिलीनचे अंश आहेत, असं मांडलं. नंतर इतरांनी एवढ्या प्रमाणाने कुणाला गुंगी येईल का, अशी शंका घेतली. एकट्या वायूने इतकी शतकं देवस्थान चालत नाही, हे माझं मत.

दुपारी संग्रहालय. काशाचा सारथी, १८९६ साली सापडलेला, डोळे अजून शाबूत. त्याच्यासाठी वेळ राखून ठेवा. अपोलोची स्तोत्रं स्वरचिन्हांसकट कोरलेले दगडही चुकवू नका.

उपयोगाचं: पायऱ्या गुळगुळीत आहेत, रबरी तळव्याचे बूट हवेत. तिकीट सरकारी संकेतस्थळावर आधी काढता येतं. गुडघे दुखत असतील तर वरचं स्टेडियम सोडा, पण नाट्यगृहापर्यंत चढाच. रस्त्याच्या खालच्या अंगाला असलेलं अथेनाचं गोल देऊळ संध्याकाळच्या उन्हात पाहावं.

दिवस चौथा: रस्ता

गालाक्सिदीच्या बंदरात कॉफी, नाफ्पाक्तोसमध्ये जेवण, पुढे महामार्गाने उत्तरेला. संध्याकाळी इओआनिनाच्या तळ्यावर पोचलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. हा ग्रीसचा सर्वांत पावसाळी भाग, छत्री आणि जाड स्वेटर घेऊनच या. खानावळीत बीटाची भाजी, रानभाज्या आणि चीज घातलेली पाय मिळाली. वाढणाऱ्या मुलीने ‘डोडोना’ ऐकताच उद्या सकाळी आधी संग्रहालय बघा, मग देवस्थान, असं बजावलं. हा सल्ला मी प्रत्येकाला देईन.

दिवस पाचवा: डोडोना

इओआनिनाच्या पुरातत्त्व संग्रहालयात काचेखाली शिशाच्या चिंचोळ्या पट्ट्या आहेत. बोटाएवढ्या रुंद, कधी तीनतीनदा खरवडून पुन्हा वापरलेल्या. डोडोनाला येणारे लोक आपला प्रश्न शिशावर कोरून पट्टी गुंडाळत आणि देवापुढे ठेवत. २०१३ साली अशा चार हजारांवर मजकुरांचा संग्रह प्रसिद्ध झाला. राजे, दूत यात जवळजवळ नाहीतच.

लिसानियस विचारतो: अन्नुलाच्या पोटात आहे ते मूल माझं नाही का? आगिस विचारतो: माझ्या हरवलेल्या गोधड्या आणि उशा बाहेरच्या कुणी चोरल्या का? क्लेऊतास विचारतो: मेंढ्या पाळणं मला लाभेल का? हेर्मॉनला क्रेताइयापासून आहेत त्यांखेरीज आणखी गुणी मुलं हवी आहेत, त्यासाठी कोणत्या देवाला विनवू? एकाला भीती आहे की कुणीतरी माझ्या बायकोवर, मुलांवर विषप्रयोग केला. गुलाम आपण मोकळे होऊ का विचारतात. मी एकेक भाषांतर वाचून दाखवत होते आणि मावशी ऐकत होती. उशांवर ती क्षणभर हसली, मग म्हणाली, ‘अडीच हजार वर्षांपूर्वी ऊब गेली की थंडीत माणूस मरायचा. हसायचं नाही.’ तिचं बरोबर होतं. तोमारोस डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याची गोधडी ही मोठी मालमत्ता होती.

उत्तरं मात्र अगदी थोड्या पट्ट्यांवर आहेत. डेल्फीचे जाब जगभर गाजले. इथे प्रश्न उरले. मला डोडोना जास्त मोलाचं वाटतं ते यासाठी. माणसं रात्री कशाने जागी राहत होती, हे त्यांच्याच हातच्या अक्षरांत, त्यांच्याच बोलींत आपल्यापर्यंत पोचतं, आणि त्यासाठी कुठल्या इतिहासकाराची मध्यस्थी लागत नाही.

देवस्थान गावापासून अर्ध्या तासावर आहे. झ्यूस नाइओस आणि त्याची सहचरी दिओने यांचं हे ठाणं. सुरुवातीला इथे देऊळ नव्हतंच. ओकचं पवित्र झाड, भोवती काशाच्या हंड्यांच्या तिपाया एकमेकींना खेटून, एकीला धक्का लागला की नाद सगळीकडे फिरायचा. होमरच्या इलियडमध्ये इथले पुजारी सेल्लोई पाय न धुणारे, जमिनीवर निजणारे म्हणून येतात. हिरोडोटसला इथल्या तीन पुजारिणींनी सांगितलं की इजिप्तमधल्या थीब्जहून उडालेलं काळं कबूतर या ओकवर बसून माणसाच्या वाणीने बोललं. त्याने त्या तिघींची नावंही नोंदवली: प्रोमेनेइया, तिमारेते, निकान्द्रा. चिठ्ठ्याही असाव्यात. लेउक्ट्राच्या लढाईआधी स्पार्टाचे दूत आले तेव्हा तिथल्या मोलोसियन लोकांच्या राजाच्या पाळीव माकडाने चिठ्ठ्यांचं भांडं उलथून सगळं विखुरलं, आणि पुजारीण म्हणाली, विजयाचा नाही, जीव वाचवण्याचा विचार करा. ही हकिगत रोमन लेखक सिसरोने दिली आहे. इ.स.पू. ३७१ मध्ये स्पार्टाचा पराभव झाला.

आजचा ओक आधुनिक काळात लावलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, तोमारोस ढगात अर्धा बुडालेला. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात आमच्याखेरीज एक जर्मन जोडपं आणि पहारेकरी. पहारेकरी स्वतःहून आला आणि हाताने दाखवलं, इथे उभ्या राहा, वारा या खिंडीतून येतो. थोड्या वेळाने आलाच. पानांचा आवाज पावसासारखा नव्हता, कोरडा, तुटक होता. मावशीने हात जोडले. काय विचारलं ते मी विचारलं नाही.

इथे सार्वजनिक वाहनांचा भरवसा धरू नका, टॅक्सी ठरवून थांबवून ठेवा. खाणं-पाणी सोबत.

दिवस सहावा: अखेरॉन

यादीत नसलेलं ठिकाण हे. कोरिंथचा हुकूमशहा पेरिआन्द्रोस याने मेलेल्या बायकोला, मेलिस्साला, एक ठेव कुठे ठेवली आहे ते विचारायला अखेरॉन नदीवरच्या मृतांच्या कौलस्थानी माणसं धाडली होती. ती प्रकटली, पण म्हणाली, मी उघडी आहे, मला थंडी वाजते; माझ्यासोबत पुरलेले कपडे जाळले नव्हते. मेसोपोतामोसच्या टेकडीवर सोतिरिस दाकारिस यांनी १९५८ पासून उत्खनन केलं आणि जाड भिंती, वळणाच्या वाटा, कमानींची तळखोली पाहून हेच ते स्थान असं जाहीर केलं. पुढे तिथल्या काशाच्या कड्या मोठ्या धनुष्ययंत्राच्या निघाल्या आणि ही तटबंदीची शेतवाडी असावी, असं मत पुढे आलं. मला ते दुसरं मत पटतं. तरीही तळखोलीत उतराच. आवाज इतका पूर्ण मरतो की स्वतःचं बोलणं अर्धवट राहतं.

तिथून ग्लिकी गावाशी नदीचे उगम. पाणी बर्फासारखं गार आणि निळसर हिरवं, कडेकडेने गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. जुने कापडी बूट आणि बदलायचे कपडे ठेवा. किनाऱ्यावर शेगडीवर मासे भाजणाऱ्या बाईंनी मावशीचे ओले पाय पाहून न मागता गरम चहा आणि पाठीला घोंगडी दिली.

जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर आणि एप्रिल-मे उत्तम, जुलै-ऑगस्टमध्ये डेल्फीचा चढ उन्हात झेपत नाही. वेळ कमी असेल तर ओरोपोस आणि लिवाडिया अथेन्सहून एका दिवसात उरकतात, डेल्फीला मुक्काम करा, आणि इओआनिनाहून अथेन्सला विमानाने परता. अखेरॉन सोडलंत तरी चालेल. डोडोना सोडू नका, आणि तिथे जाण्याआधी त्या शिशाच्या पट्ट्या बघा.